चंद्रकोरीचा रुपया

ऋषिपंचमीच्या सकाळी मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना विचारलं, "ताई, इथे टेबलावर एक रुपया होता. पाहिलात का?" वाक्यात काही वावगं नव्हतं. आवाजात होतं. अठ्ठावीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर काढल्यावर तो आवाज गळ्यात बसतो. संध्याकाळी कॅश जुळेना की तो निघतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा प्रश्न नाही. ताईंनी झाडू भिंतीला टेकवला. "रुपया? काकू, रुपयासाठी विचारताय?" मी घाईघाईने म्हटलं, तसा साधा नव्हता हो तो. त्याने आणखी बिघडलं. साधा नव्हता म्हणजे किमती होता, आणि किमती होता म्हणजे विचारण्याचा अर्थ एकच. त्यांनी टेबलाखाली, सोफ्याखाली, पायपुसण्याखाली झाडून दाखवलं. केर सुपलीत घेऊन माझ्यासमोर आणला आणि बोटाने चिवडला. तो केर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे: दूर्वांची काडी, अगरबत्तीची राख, एक रबरबँड.

दुपारी चहाच्या वेळी आमच्या अहोंनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "काल आरतीला पन्नासची नोट होती, वरचा रुपया हवा होता. टेबलावरचा घेतला."

सोसायटीच्या गणपतीच्या तबकात गेला होता तो. मी तशीच खाली उतरले. खजिनदारांनी सकाळीच तबकातली चिल्लर मोजून नाक्यावरच्या वाण्याला दिली होती आणि नोटा आणल्या होत्या. गणपतीत वाण्याला सुट्टे लागतातच. वाण्याने गल्ला उघडून दाखवला, त्यात रुपये होते, माझा नव्हता. "कसा होता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "एका बाजूने खाल्लेला." तो माझ्याकडे बघत राहिला.

तो रुपया १९९५ चा. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीतला. हैदराबादची खूण चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूण म्हणजे खूणच नसणं. पोलादी रुपया, दोन बाजूंना दोन कणसं आणि मधे आकडा. सगळ्यांनी हजारदा हाताळलेला. फक्त याचं डावं कणीस अर्धंच होतं. कडेला चंद्रकोरीच्या आकाराचा घास कुणीतरी अलगद घेतल्यासारखा. असं होतं कसं, तर धातूची लांब पट्टी यंत्रातून पुढे सरकत असते आणि तिच्यातून गोल चकत्या पाडल्या जातात. पोळीतून वाटीने शंकरपाळ्याऐवजी गोल कापावेत तसं. पट्टी एकदा कमी सरकली की नवी वाटी जुन्या भोकावर थोडी चढते, आणि ती चकती चंद्रकोरीएवढी उणी पडते. पुढे तिच्यावर ठसा उमटतो, ती इतरांबरोबर पिशवीत जाते आणि पाच-सहा वर्षांनी माझ्या काउंटरवर येते. मी माझ्या पर्समधला एक रुपया गल्ल्यात टाकला आणि तो उचलला. हा नियम मी कधी मोडला नाही. रुपया घेतला तर रुपया टाकायचा.

आमची शाखा फोर्टात होती. रिझर्व्ह बँकेसमोरच्या टांकसाळीवरून, त्या १८२९ मधल्या उंच खांबांच्या इमारतीवरून, मी रोज सकाळी व्हीटीहून चालत जायचे. आत कधी गेले नाही. पण आतल्या कामगारांच्या नजरेतून निसटलेलं काही माझ्या हाती आलं की उगाच ओळख असल्यासारखं वाटायचं. नाण्यांचा एक वास असतो, तेलकट, जिभेवर लोखंड ठेवल्यासारखा. तो बोटांना बसतो आणि साबणाने जात नाही. डबा खातानासुद्धा यायचा. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या बाई लिंबू चोळायच्या. मला तो वास कधी नकोसा झाला नाही, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

अशी साठ-सत्तर नाणी जमली आणि श्रीखंडाच्या डब्यात पडून राहिली. निवृत्तीनंतर सून म्हणाली, "आई, हे सगळं लिहून ठेवा हं. नाहीतर उद्या आम्ही देवळाच्या पेटीत टाकू." तिने मजेत म्हटलं, मला पटलं. वहिवाटीप्रमाणे लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आणलं. संगणकावर तक्ता करून देतो म्हणून मुलगा मागे लागला होता, पण मला आडव्या रेघा लागतात. रकाने आखले: अनुक्रमांक, किंमत, साल, टांकसाळ, वजन, व्यास, दोष, कुठून आलं. सोनाराकडचं दहा पटीचं भिंग घेतलं, शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घेतला, आणि एक लोहचुंबक. जुन्या कप्रोनिकेलच्या, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या नाण्यांना तो ओळख देत नाही, पोलादी नाणी टुणकन चिकटतात.

पहिल्यांदा किमतीप्रमाणे लावली, पैशापासून दहा रुपयांपर्यंत. बघायला छान, पण त्यातून कळेना काही. मग दोषाच्या दिसण्याप्रमाणे लावली: सरकलेली, दुबार ठोकलेली, तडकलेली. त्यातही एक नाणं दोन ढिगांत जायला बघायचं. शेवटी तीन कप्पे केले आणि तिथे गाडी रुळावर आली. चकतीची चूक, ठशाची चूक, ठोक्याची चूक. चकती मुळात उणी, पातळ किंवा पापुद्रे सुटलेली असेल तर पहिला कप्पा. ठसा म्हणजे छाप उमटवणारा कोरीव साचा; त्यालाच तडा गेला असेल तर नाण्यावर उंचवट्याची बारीक रेघ येते. कोरलेली नाही, उठलेली, कारण तड्यात धातू शिरतो. तो दुसरा. आणि ठसा व चकती दोन्ही निर्दोष, पण भेटले वाकडे, तर तिसरा. नाण्याभोवती ठोक्याच्या वेळी एक कडं असतं, ते जागेवर नसलं की नाणं पोळीसारखं पसरतं. मधोमध न बसलेल्या ठोक्याची दिशा घड्याळाने लिहायची, आणि तो किती सरकलाय ते टक्क्यांत. माझ्या रजिस्टरात "दोन रुपये, चार वाजता, पंधरा टक्के" असं आहे. सुनेला वाटलं, ही कुणाची तरी भेटीची वेळ.

नाण्यांसाठी चौकोनी पुठ्ठे मिळतात, मधे गोल पारदर्शक खिडकी. नाणं ठेवायचं, पुठ्ठा दुमडायचा आणि तिन्ही बाजूंनी स्टेपल करायचं. यात एक गोम आहे. स्टेपलची मागची टोकं उभी राहतात आणि डब्यात शेजारच्या खिडकीवर ओरखडे काढतात. म्हणून प्रत्येक पिन पक्कडीने चेपायची. चारेकशे पिना चेपल्या असतील मी. आधी एक मऊ प्लॅस्टिकचा अल्बम आणला होता. एका पावसाळ्यात त्याच्या कप्प्यांना घाम फुटला आणि पाच रुपयांच्या जाड नाण्यांवर हिरवट चिकट साय धरली. त्यातली तीन गेलीच. आता डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात, नव्या चपलांच्या खोक्यातून काढलेल्या.

पण रजिस्टरला एक रकाना कमी पडत होता. तो मला आठव्या नोंदीला सापडला. पन्नास पैशांचं एक नाणं मी वर्षानुवर्षं मोठ्या कौतुकाने बाळगलं होतं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला पुन्हा काहीतरी उलटं, आत दबलेलं. भिंगाखाली धरलं तर त्या उलट्या छापाच्या तळाशी मूळचा ५० चा आकडा चेंगरून पडलेला दिसला. म्हणजे टांकसाळीने काही केलं नव्हतं. कुणीतरी दोन नाणी पाठीला पाठ लावून शेगड्यात, म्हणजे कारखान्यातल्या लोखंडी पकडीत, आवळली होती. गंमत म्हणून, किंवा विकायला. चुकीला भाव आला की चुका बनवणारे येतात. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याची मधली चकती ठोकून काढतात, उलटी बसवतात आणि फुटपाथवर "मिंट एरर" म्हणून विकतात. हल्ली तर फोनवर व्हिडिओ येतात, अमुक नाणं तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये. माझी मावसबहीण दर दोन महिन्यांनी मला त्यातलं एक पाठवते. आपल्या नावाने असे व्यवहार चालतात म्हणून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला होता. तेव्हा मी नवा रकाना आखला. नाव दिलं: "दोष कुणाचा".

चकती, ठसा, ठोका किंवा माणूस.

सोपं वाटतं. दोष कुणाचा हे ठरवायचं तर नाण्याला नीट उलटतपासणी करावी लागते. चंद्रकोरीचीच गंमत बघा. कानशीने घासूनही कुणी रुपयाला घास पाडू शकतो. मग खरी ओळखायची कशी? घासाकडे बघायचं नाही, त्याच्या बरोबर समोरच्या कडेकडे बघायचं. ठशाखाली जाण्याआधी चकतीची कड चाकाच्या दाबाने उचलली जाते. घास पडलेला भाग चाकाखाली आला की समोरच्या बाजूवरचाही दाब सुटतो, आणि तिथली कड मिणमिणीत राहते. जखम इथे, आणि खूण पलीकडे. कानशीवाल्याला हे माहीत नसतं, त्याच्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते. माझ्या रुपयाची उजवी कड फिकट होती. वजन ४.८५ ग्रॅम भरायला हवं, ते भरलं ४.४१. मी सत्तेचाळीस नंबर टाकला, सगळे रकाने भरले, "दोष कुणाचा" मध्ये "चकती" लिहिलं, पुठ्ठा घ्यायला आतल्या खोलीत गेले आणि तेवढ्यात खालून झांजा ऐकू आल्या. मोदकांचं उकडपात्र गॅसवर होतं, ते बंद करायला धावले. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

त्या संध्याकाळी चतुर्थी होती. लहानपणी आजी आम्हाला चतुर्थीला गच्चीवर जाऊ द्यायची नाही. चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो. कृष्णालासुद्धा चुकला नाही, स्यमंतक मण्याच्या पायी गुहेपर्यंत जावं लागलं. आम्हाला भीती असायची ती आपल्यावर आळ येण्याची. आपणच कुणावर घेऊ, हे आजीच्या गोष्टीत नव्हतं. माझ्या हातात तर आख्खी चंद्रकोर होती, भिंगाखाली धरून अर्धा तास पाहिलेली.

एक जुनी संध्याकाळ मग आठवत राहिली. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. पाचशे रुपये कमी. तेव्हाचे पाचशे. तीनदा मोजलं, व्हाउचरं पुन्हा लावली. शटर अर्धं खाली, पंख्याचा आवाज, आणि कुणी काही बोलत नसताना सगळ्यांची नजर एकेकदा शिपायाकडे जाऊन आली. माझीही गेली. तो बाकावर बसून चहाचे कप एकात एक घालत होता. साडेसातला शंभराच्या पाच नोटा माझ्याच ड्रॉवरच्या मागच्या फटीत सापडल्या. सगळे हसले, मॅनेजरनी मला "देव पावला" म्हटलं. शिपायाला कुणी काही म्हटलं नाही, कारण तसं कुणी काही म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने माझा चहा नेहमीसारखा आणला. साखर कमी होती, किंवा मला वाटली.

रजिस्टरात एक नोंद पेन्सिलीने आहे. आमच्या देवघरातला लखी. नाण्यांच्या बाजारात हाच शब्द चालतो: आधीचं नाणं ठशाला चिकटून बसतं, खाली पडत नाही, आणि पुढची चकती त्या नाण्याखाली ठोकली जाते. मग तिच्या एका अंगाला सरळ छाप, दुसऱ्या अंगाला तोच छाप उलटा आणि आत दबलेला. सासूबाईंच्या लखीवर पंचम जॉर्ज आहे, एकीकडे उठलेला, दुसरीकडे खड्ड्यात. कांस्याचा पाव आणा. राजाचं नाक दोन्हीकडून आता सारखंच सपाट झालंय, कारण दर दिवाळीत तो चिंचेने घासून लख्ख करतात आणि लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकू वाहतात. नाणं कधी धुऊ नये, घासू नये, हा छंदाचा पहिला नियम. आमच्या घरात तो साठेक वर्षं मोडला जातोय आणि त्यात निम्मी वर्षं माझ्या हाताने. लक्ष्मी येते म्हणून ठेवायचा, असं सासूबाई सांगायच्या. आली का, हे विचारायची सोय नव्हती. याचा "दोष कुणाचा" रकाना मी भरलेला नाही. लिहायचं तर काय? ठशाने नीट काम केलं, चकतीही चांगली. आधीचा जो चिकटून बसला त्याची चूक, आणि शिक्का याच्या कपाळी. की शेगड्यातलाच आहे, त्या पन्नास पैशांसारखा? भिंग घेऊन देवघरासमोर दोनदा बसले. निरांजन लावून उठले.

कधी वाटतं, ही चूक-बरोबरची भाषाच यंत्राबरोबर आली. माझ्याकडे दोन शिवराया आहेत, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेल्या. एकीवर "राजा" दिसतं, दुसरीवर "शिव". पूर्ण "श्री राजा शिव" दोन्हींवर नाही. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, हातोडा माणसाचा. जेवढी अक्षरं बसली तेवढी बसली. त्यांना मी कुठल्या कप्प्यात घालू? आजच्या हिशेबाने त्या दोन्ही चुकलेल्याच, आणि लोकांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार घेतल्या. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. यंत्राने तंतोतंत पाडलेला, एकही ठोका वाकडा नाही. पण राजाच्या अंगावरच्या पदकमाळेतला हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, आणि तो रुपया मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा केला. त्या रुपयाचं नाव मात्र "डुकराचा रुपया" असंच पडलं. चकती नाही, ठसा नाही, ठोका नाही. माझे रकाने तिथे अपुरे पडतात.

पण ताईंचं राहिलं. त्या दुपारनंतर मी त्यांना "सापडला हो" असं सांगितलं. हे खरं होतं आणि खोटंही. कुठे होता, म्हणाल्या. म्हटलं, यांनी तबकात टाकला. "म्हणजे देवाला गेला," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या. माफी मागायची तर आधी मान्य करायला हवं होतं की मी काही म्हटलं होतं. ते दोघींपैकी कुणी मान्य करत नव्हतं. मी त्यांना मोदक जास्त दिले. हे लिहितानाही लाज वाटते. पाच मोदक, स्टीलच्या डब्यात, वर तुपाची वाटी.

अनंत चतुर्दशीनंतर एकदा त्या काम आटोपून जाताना दारात थांबल्या. ओच्यातून रुमालाची पुरचुंडी काढली. "काकू, तुम्ही ती वाकडी नाणी घेता ना? ही बघा. आमच्याकडे कुणी घेत नाही." दहा-दहाची सात नाणी. मी टेबलावर ओतली. दोन धातूंचं नाणं आपटलं तरी खणखणत नाही, जरा बद्द वाजतं, तेवढ्यावरही लोकांना संशय येतो. मी भिंग लावलं. खरं सांगायचं तर थोडा लोभ होता. एखाद्यात मधली चकती सरकलेली असेल, ठसा फिरलेला असेल. सातही उलटून पाहिली, काट्यावर ठेवली, ७.७ ग्रॅमच्या आसपास एकूणएक. दोनांवर पंधरा किरण होते, पाचांवर दहा आणि रुपयाची खूण. लोक याच किरणांवरून भांडतात, पंधरावालं खोटं आणि दहावालं खरं. दहाच्या नाण्याचे तोवर चौदा नमुने आले होते आणि सगळे चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय. ते वाण्यापर्यंत पोचलेलं नाही, किंवा पोचलंय आणि त्याला घ्यायचं नाही.

ताई उभ्या राहून माझं भिंग बघत होत्या. "खोटी आहेत?"

"नाही. एकातही काही नाही. चांगली आहेत."

"मग वाणी का घेत नाही?"

मी अफवेचं सांगितलं, किरणांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि तुमचा तो खाल्लेला रुपया कसा घेतला त्याने?"

मला उत्तर आलं नाही. कपाटातून पन्नासची आणि वीसची नोट काढली, सवयीने मोजून त्यांच्या हातात ठेवली. दोन नोटा. त्यांनीही त्या मोजून घेतल्या, एकदा तिथे आणि एकदा जिन्यावर वळताना.